पश्चिम आफ्रिकेची मूत्रपिंडं आणि चंद्रपूरचा शेतकरी

केतकी_बनातली (धागाकर्ती)

गेली नऊ वर्षं मी अटलांटाजवळच्या एका डायलिसिस सेंटरात आहारतज्ज्ञ आहे. काम म्हणजे काय, तर मशीनला जोडलेल्या माणसाच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसायचं आणि 'फॉस्फरस पुन्हा वाढलाय, कोला बंद करा' हे दर महिन्याला नव्या शब्दांत सांगायचं. आमच्याकडे चोवीस खुर्च्या आहेत. कधीही नजर फिरवा, निम्म्याहून जास्त खुर्च्यांवर कृष्णवर्णीय माणसं दिसतात. हे आमच्याच गावचं नाही. अमेरिकेच्या लोकसंख्येत आफ्रिकन-अमेरिकन साधारण १३ टक्के, पण मूत्रपिंडं निकामी झालेल्यांत ते जवळजवळ एक तृतीयांश आहेत. कोणी कारण विचारलं की मी पाठ केलेलं म्हणून दाखवायचे : रक्तदाब, मधुमेह, गरिबी, विमा नसणं. ते खोटं नाहीच, पण तेवढ्यावर हिशोब पुरा होत नाही हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या महिन्यात एका पेशंटची बहीण भेटली. पेशंट पन्नाशीचा, ट्रक चालवायचा, मूळचा नायजेरियातल्या इबादानचा, योरुबा. बहिणीला त्याला मूत्रपिंड द्यायचंय. रक्तगट जुळतो, बाकी तपासण्या चोख. हातात निळी फाइल आणि फाइलच्या कोपऱ्याला रबरबँडने बांधलेलं पेन, आपल्या बँकेतल्या काउंटरवर असतं तसं. मला वाटलं, दान दिल्यावर काय खायचं ते विचारेल. तिने विचारलं, "हे लोक म्हणतात आधी माझी एपीओएल१ची तपासणी करू. मी तर ठणठणीत आहे. मग माझ्यात शोधतायत काय?"

मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. मग तीन आठवडे रात्री जागून वाचलं. ते इथे उतरवते. चुकत असेन तिथे कान धरा.

आपल्या बावीस क्रमांकाच्या गुणसूत्रावर एपीओएल१ नावाचं जनुक आहे. त्याचं प्रथिन रक्तात एचडीएलच्या, म्हणजे रिपोर्टातल्या 'चांगल्या कोलेस्टेरॉल'च्या, कणांवर बसून फिरतं. त्याचं काम ट्रिपॅनोसोम मारणं. आफ्रिकेत त्सेत्से माशी चावून जो निद्रारोग होतो, त्याचा हा एकपेशीय परजीवी. परजीवी हे प्रथिन गिळतो, ते आत जाऊन त्याच्या आवरणाला भोकं पाडतं, आणि परजीवी टम्म फुगून फुटतो. पण परजीवीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. पूर्व आफ्रिकेतल्या ऱ्होडेसिएन्स प्रकाराकडे एसआरए नावाचं एक प्रथिन आहे, ते एपीओएल१ला धरून ठेवतं आणि त्याची हत्यारंच काढून घेतं. मग माणसांत काही हजार वर्षांमागे दोन बदल पसरले, त्यांना जी१ आणि जी२ म्हणतात. जी२मध्ये प्रथिनाच्या साखळीतली दोन अमिनो आम्लं गळलेली आहेत, त्यामुळे एसआरएला पकडच बसत नाही. ज्यांच्यात हे बदल होते ती माणसं निद्रारोगातून वाचली, त्यांची मुलंबाळं वाढली.

याची किंमत मूत्रपिंडं मोजतात. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन जोखमीच्या प्रती आल्या, तर रक्त गाळणाऱ्या नाजूक पेशी खराब होण्याचा धोका वाढतो. हे २०१० साली बॉस्टनमधल्या मार्टिन पोलॅक, डेव्हिड फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. त्याआधी दोन वर्षं सगळा आळ एमवायएच९ या शेजारच्या जनुकावर होता. चोरी झाली एका घरात आणि पोलिसांनी धरलं भिंतीपलीकडच्याला. खरा चोर सापडला कारण १००० जीनोम्स प्रकल्पाच्या यादीत योरुबा लोकांचे जीनोम (म्हणजे माणसाचा अख्खा जनुकसंच) होते. कुठल्या योरुबांचे? इबादानच्या! युरोपीय नमुन्यांत हे बदल नाहीतच, त्यामुळे तिथे कितीही शोधलं असतं तरी हाती काही लागलं नसतं. हे वाचलं तेव्हा माझ्यासमोर तो ट्रकवाला आणि त्याच्या बहिणीची निळी फाइल आली.

आफ्रिकन-अमेरिकनांपैकी साधारण १३ टक्क्यांकडे दोन जोखमीच्या प्रती असतात. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही, ढोबळमानाने पाचांत एकाला होतं. एचआयव्हीसारखा दुसरा धक्का बसला की मात्र पारडं झपकन खाली जातं.

तर, दाता म्हणून आलेल्या निरोगी बाईची ही तपासणी करावी का? तुम्ही तिच्या जागी असता तर केली असती?

---

मुक्तछंद

वाचतोय. 'कच्च्या गुरूचा चेला' भारी.

---

शेंगदाणे

अवांतर : कोला म्हणजे सगळाच का फक्त काळा? मधुमेही मित्रासाठी विचारतोय. (मित्र म्हणजे मीच.)

---

केतकी_बनातली

@शेंगदाणे, काळा. त्यात फॉस्फोरिक आम्ल घालतात. लिंबाच्या चवीच्या पांढऱ्यात सहसा नसतं, पण साखर आहेच, तेव्हा मित्राला ताक पाजा. मूत्रपिंडं बिघडलेली असतील तर मात्र ताकही मोजून.

---

निरंजन_वाचक

लेख उत्तम. पण एक खटकलं. गेली वीस वर्षं आम्हाला ऐकवलं जातंय की वंश वगैरे काही नसतं, सगळं समाजाने उभं केलेलं. आणि आता तुम्हीच सांगताय की कृष्णवर्णीयांची मूत्रपिंडं जनुकांमुळे बिघडतात. मग शेवटी वंश आहेच ना? उघड म्हणायला काय हरकत आहे?

आणि एक शंका. आपल्या जंजिऱ्याच्या सिद्दींमध्येही हे असेल का?

---

केतकी_बनातली

@निरंजन, आमच्या सेंटरात एक इथिओपियन गृहस्थ येतात. रंग ट्रकवाल्यापेक्षा फार उजळ म्हणता येणार नाही. इमिग्रेशनच्या फॉर्मवर दोघंही एकाच चौकटीत टिक करतात. इथिओपियात जी१ आणि जी२ जवळजवळ सापडतच नाहीत. योरुबा आणि इग्बो लोकांत भरपूर. एकाच खंडातले दोघं, एकाच चौकटीतले, आणि जोखीम मात्र जमीन-अस्मानाच्या अंतराची. तेव्हा 'कृष्णवर्णीय' या शब्दाने ट्रकवाल्याबद्दल थोडंफार कळतं, या गृहस्थांबद्दल काहीच कळत नाही, उलट चुकीचं कळतं.

त्या चुकीचा एक नमुना माझ्या रोजच्या कामातला. मूत्रपिंडं किती काम करतात याचा आकडा रक्तातल्या क्रिएटिनीन या टाकाऊ पदार्थावरून सूत्राने काढतात. २००९च्या सूत्रात पेशंट कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला १.१५९ने गुणायचं असा नियम होता. रिपोर्टवर दोन ओळी छापून यायच्या, एक 'आफ्रिकन-अमेरिकन असल्यास', दुसरी 'नसल्यास'. कुठली वाचायची हे रंग बघून ठरायचं. त्या गुणाकाराने आकडा फुगायचा, कागदावर मूत्रपिंड बरं दिसायचं, आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव उशिरा लागायचं. यादीत यायला आकडा २०पर्यंत खाली यावा लागतो. एखाद्याचा खरा १९ असेल तर कागदावर २२, म्हणजे बसा अजून. २०२१मध्ये तो गुणक काढला, २०२३मध्ये यादीवरच्या अनेकांची वाट पाहण्याची तारीख मागे नेऊन दिली. मी स्वतः पाच वर्षं त्यातली 'योग्य' ओळ बघून आहाराचे तक्ते केले आहेत. कोणी 'का' विचारलं नाही, मीही नाही.

सिद्दींबद्दल : २०११ साली दोन वेगवेगळ्या गटांनी गुजरात-कर्नाटकातल्या सिद्दींचा अभ्यास छापला, त्यात त्यांचा मोठा वारसा बांटू भाषा बोलणाऱ्या आफ्रिकनांकडून आलेला दिसतो. जी१ मुख्यतः पश्चिमेकडचा, तेव्हा 'आफ्रिकन वंशाचे' एवढ्यावरून त्यांच्या मूत्रपिंडांबद्दल काही ठरवायला मी धजणार नाही.

---

निरंजन_वाचक

इथिओपियाचा मुद्दा मान्य. गुणाकाराचं माहीत नव्हतं. भयंकर आहे.

---

ढोरांचा_डॉक्टर

केतकीताई, तुम्ही अटलांटात बसून आमच्या घरचीच गोष्ट सांगून राहिल्या, अन् तुम्हाला त्याचा पत्ता नाही!

मी निवृत्त पशुवैद्य. नोकरीतली अकरा वर्षं चंद्रपूर जिल्ह्यात काढली. ट्रिपॅनोसोम आम्हाला नवा नाही. आपल्याकडे त्सेत्से माशी नाही, पण त्याचाच भाऊबंद ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी आहे, तो ढोरांना, घोड्यांना, उंटांना सर्रा नावाचा रोग देतो. इंग्रजांच्या फौजेतल्या ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या पशुवैद्याला तो १८८० साली डेरा इस्माइल खान भागात घोड्या-उंटांच्या रक्तात दिसला. नावाबद्दल गंमत अशी की इंग्रजी शब्दकोशांत 'सर्रा' हा मराठी 'सूर'वरून आल्याचं लिहिलेलं आहे, म्हणजे नाकातून येणारा श्वासाचा आवाज. आता घरघरणाऱ्या जनावराला आमच्याकडचा कोणी शेतकरी 'सूर लागला' म्हणत असल्याचं मी तरी ऐकलं नाही, पण शब्दकोशाशी कोण भांडणार.

सर्रा झालेली म्हैस एकदा पाहिली की विसरत नाही. पावसाळा सरता सरता टॅबॅनसच्या मोठ्या माश्या वाढतात, एका ढोराचं रक्त तोंडाला लागलेलं घेऊन दुसऱ्याला चावतात. मग ताप येतो-जातो, डोळे बाहेर आल्यासारखे होतात, जनावर एकाच जागी गोल गोल फिरतं, नाहीतर गोठ्याच्या भिंतीला डोकं लावून ढकलत राहतं. मालक म्हणतो, बाहेरचं काही लागलं. कानाच्या शिरेतला रक्ताचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की ते किडे चाबकासारखे वळवळताना दिसतात. लाल पेशी त्यांच्या धक्क्याने हलत असतात. क्विनापायरामिनचं इंजेक्शन वेळेत दिलं तर दोन दिवसांत म्हैस पुन्हा वैरणीला तोंड लावते.

हे सगळं ढोरांचं. माणसाला सर्रा होत नाही असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. का होत नाही? तुमच्या त्या एपीओएल१मुळेच! इव्हान्सीकडे एसआरए नाही, माणसाच्या रक्तात शिरला की फुटला. अन् मग २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याला काही महिने येणारा-जाणारा ताप होता, अन् त्याच्या रक्तात हाच किडा वळवळताना सापडला. खात्रीने नोंदवलेला जगातला असा पहिला माणूस. नागपूरच्या डॉक्टरांनी २००५मध्ये ते छापलं. आमच्या खात्यात तेव्हा आठवडाभर दुसरा विषय नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने निद्रारोगावरचं औषध सुरामिन पाठवलं, माणूस बरा झाला. गावातल्या १८०६ जणांचं रक्त तपासलं. काही जणांत प्रतिपिंडं होती, पण ज्यांची जास्त होती अशा ६० जणांचं रक्त नीट पाहिलं तर किडा एकाच्याही रक्तात नाही. मग हाच माणूस का?

ब्रसेल्सच्या एतियेन पाय यांच्या गटाने त्याचं रक्त तपासलं. त्याच्या एपीओएल१च्या दोन्ही प्रती मोडलेल्या. आईकडून आलेली एका ठिकाणी, बापाकडून आलेली दुसऱ्या ठिकाणी. प्रथिन बनतच नव्हतं. परीक्षानळीत त्याच्या रक्तद्रवात बाहेरून एपीओएल१ घातलं, अन् किडे फुटले. २००६मध्ये छापून आलं.

तुमचा ट्रकवाला अन् आमचा शेतकरी, एकाच जनुकाची दोन टोकं. एकाकडे हत्यार जास्तच धारदार, ते घरच्यालाच लागून राहिलं. दुसऱ्याकडे हत्यारच नाही.

---

मुक्तछंद

काका, हा प्रतिसाद नाही, वेगळा धागा आहे. साष्टांग.

---

केतकी_बनातली

@ढोरांचा_डॉक्टर, मी खुर्चीतून उठून उभी राहिले. खरंच. कारण या शेतकऱ्याचा उल्लेख मी मूत्रपिंडाच्या लेखांत तीनदा वाचला होता आणि तो 'भारतातला' एवढंच लक्षात ठेवलं होतं. चंद्रपूरचा आहे हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

आता तुमच्या गोष्टीचा पुढचा तुकडा माझ्याकडे आहे. संशोधकांसमोर प्रश्न होता की जी१-जी२ मूत्रपिंड कसं बिघडवतात. प्रथिन काम करेनासं होतं म्हणून, की नको तिथे जास्त काम करतं म्हणून? पहिलं खरं असेल तर ज्याच्याकडे एपीओएल१ मुळीच नाही त्याची मूत्रपिंडं सगळ्यांत आधी जायला हवीत. तुमच्या शेतकऱ्याची ठीक होती. २०१२मध्ये त्याच्या गावातल्या लोकांवर एक अभ्यास छापला गेला, त्यातही मोडलेली प्रत असण्याचा मूत्रपिंडविकाराशी संबंध दिसला नाही. म्हणजे हे प्रथिन मूत्रपिंडाला लागतच नाही. मग ते बंद करून टाकलं तर?

त्याच विचारावर आज औषध उभं आहे. इनॅक्सॅप्लिन. एपीओएल१ पेशीच्या आवरणात जी भोकं पाडतं, ती हे बुजवतं. २०२३मध्ये छापलेल्या पहिल्या छोट्या चाचणीत १३ आठवड्यांत लघवीतून जाणारं प्रथिन सरासरी ४७.६ टक्क्यांनी कमी झालं. चाचणीत माणसं फार थोडी होती, तेव्हा लगेच पेढे वाटू नका, मोठी चाचणी सुरू आहे. पण 'हे बंद केलं तर माणसाला काय होईल' या भीतीचं उत्तर औषध बनायच्या कितीतरी आधी चंद्रपूरच्या एका खेड्याने देऊन ठेवलं होतं.

---

ढोरांचा_डॉक्टर

काय सांगू बाप्पा, हे मला माहीत नव्हतं. त्या गावात मी ढोरांच्या लसीकरणाला गेलेलो आहे.

एक पुरवणी. पुढे व्हिएतनाममध्ये एका बाईला सर्रा झाला, २०१६मध्ये छापून आलं, अन् तिचं एपीओएल१ व्यवस्थित होतं. तेव्हा 'हत्यार असलं की माणूस सुरक्षित' हे शंभर टक्के धरू नका. किडा आपल्यापेक्षा जुना आहे.

---

सई_जोबर्ग

उशिरा येतेय. मी जोहान्सबर्गला एका प्रयोगशाळेत नमुने सांभाळते. उणे ऐंशीचे फ्रीझर, बारकोड आणि लोडशेडिंगच्या वेळी जनरेटर लागेपर्यंत जीव मुठीत. वर सगळे 'संशोधकांनी रक्त तपासलं' असं सहज म्हणतायत, तर ते रक्त कुठून येतं याबद्दल दोन शब्द.

जगभरच्या जनुकीय अभ्यासांत २०१६पर्यंत ८१ टक्के सहभागी युरोपीय वंशाचे होते, आफ्रिकन वंशाचे ३ टक्के. आणि विविधता तर सगळ्यात जास्त इथेच. माणूस सर्वांत जास्त काळ इथे राहिला, बाहेर पडलेल्यांनी मूठभर बियाणं नेलं, अख्खं शेत मागे राहिलं. आपण सगळे त्या मुठीतले. २०२०मध्ये एच३आफ्रिका या आफ्रिकेतल्या जनुकीय संशोधनाच्या प्रकल्पाने पन्नास भाषिक-वांशिक गटांतल्या अवघ्या ४२६ माणसांचे जीनोम छापले, तर त्यात आधी कुठेही न नोंदलेले तीस लाखांहून जास्त बदल निघाले. ४२६ माणसांत! आमच्या सोसायटीत त्याहून जास्त लोक राहतात. प्रकल्पाला पैसा अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचा आणि लंडनच्या वेलकम ट्रस्टचा, २०१२ ते २०२२. पण अट अशी की संशोधनाची सूत्रं आफ्रिकेतल्या लोकांच्या हाती राहतील. यामागे चार्ल्स रोटिमी हे मूळचे नायजेरियन शास्त्रज्ञ हात धुऊन लागले होते.

युरोपीय आकड्यांवर बांधलेलं जनुकीय जोखमीचं गणित इथे लावलं की अचूकता कित्येक पटींनी घसरते. कोकणातलं पावसाचं पंचांग मराठवाड्यात वापरल्यासारखं. आणि हे फक्त आजाराचं नाही, औषधांचंही. एचआयव्हीवर इफाविरेन्झ नावाची गोळी होती. ती शरीरातून काढून टाकणाऱ्या एन्झाइमचं जनुक सीवायपी२बी६. झिम्बाब्वेत साधारण २० टक्के लोकांत त्याच्या दोन्ही प्रती मंद असतात, म्हणजे नेहमीचा डोस रक्तात साचत जातो. कॉलेन मासिमिरेम्ब्वा हे तिथलेच शास्त्रज्ञ ओरडून सांगत होते की डोस कमी करा. तरी २०१५मध्ये देशभर तोच डोस सुरू झाला. लोकांना भास होऊ लागले, नैराश्य आलं, काहींनी गोळ्याच सोडल्या.

उलटी गोष्टही आहे. पीसीएसके९ जनुकात एक बिघाड काही आफ्रिकन वंशाच्या लोकांत आढळतो, त्याने वाईट कोलेस्टेरॉल जन्मभर कमी राहतं. अमेरिकेतल्या एका अभ्यासात असा बिघाड असलेल्या कृष्णवर्णीयांत हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी होता. झिम्बाब्वेत एका तरुणीच्या दोन्ही प्रती तशा निघाल्या, कोलेस्टेरॉल जेमतेम मोजण्याइतकं, आणि पोरगी धडधाकट. त्या धाग्यावरून जी इंजेक्शनं निघाली ती २०१५पासून बाजारात आहेत. ज्यांच्या रक्तातून हे कळलं त्यांच्यापैकी किती जणांना ती परवडतात, हा प्रश्न मी फ्रीझरचं दार लावताना रोज गिळते.

संमतीपत्राची गंमत सांगते. 'जीन' हा शब्द झुलूत कसा सांगायचा? आमच्या फील्डवर्कर बाई 'उफुझो' म्हणतात. 'उकुफुझा' म्हणजे एखाद्यावर जाणं, आपण 'अगदी आजीवर गेलीये' म्हणतो तसं. एका गोगोने, म्हणजे आजीने, त्यावर विचारलं, "मग माझं रक्त घेऊन तुम्ही माझ्या मुलांबद्दल पण जाणून घेणार. त्यांना विचारलंत का?" नीतिशास्त्राच्या समितीने याहून नेमका प्रश्न मला आजवर विचारलेला नाही. कालाहारीच्या सान लोकांनी तर २०१७मध्ये स्वतःची आचारसंहिताच काढली, संशोधकाने आमच्याकडे येताना काय पाळायचं त्याची. २०१०मध्ये सान वृद्धांचे जीनोम छापले गेले तेव्हा समाजाला कोणी नीट विचारलंच नव्हतं, ती ठसठस त्यामागे होती.

@निरंजन, आणि सगळंच जनुकांवर ढकलू नका. इथल्या एका अभ्यासात बुर्किना फासोचं नानोरो, घानाचं नावरोंगो, नैरोबी, सोवेटो अशा सहा ठिकाणचे सुमारे १२ हजार लोक आहेत. नानोरोत लठ्ठ बाई शोधावी लागते, सोवेटोत सडपातळ. तो फरक टॅक्सी, पाव आणि तळलेल्या चिकनचा आहे.

---

सातपुड्याचा_मास्तर

सगळेच प्रतिसाद वाचून झाले. मी धडगाव भागात आश्रमशाळेवर आहे. आमच्याकडे सिकलसेल घरोघरी. माशीऐवजी डास, निद्रारोगाऐवजी मलेरिया, बाकी हिशोब तोच : एक प्रत असलेला वाहक मलेरियात तगतो, दोन असलेला ग्रस्त आयुष्यभर दुखण्यात. आफ्रिकेतला सिकलसेल आणि आमचा एकाच अक्षराचा बदल, पण आमच्याकडे गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त उरतं म्हणून पुष्कळदा जरा सौम्य. 'जरा' म्हणजे काय ते हॉस्टेलच्या पोराला थंडीत रात्रभर पाय चोळत बसल्यावर समजतं.

एक उपयोगाची गोष्ट. मी स्वतः वाहक आहे आणि मला साखरेचा त्रास आहे. तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी हिमोग्लोबिनवर चालते, त्यामुळे अशा लोकांत ती फसू शकते. माझी बोटावरची साखर एक सांगायची आणि रिपोर्ट दुसरंच. डॉक्टरांना दोन्ही दाखवा.

---

सई_जोबर्ग

@मास्तर, अगदी. २०१७च्या एका मोठ्या अभ्यासात जी६पीडी जनुकातला एक बदल सापडला, साधारण ११ टक्के आफ्रिकन-अमेरिकनांत त्याची एक तरी प्रत असते. त्यात लाल पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि एचबीए१सी खोटी कमी येते. मधुमेह असून 'नाही' असा रिपोर्ट.

---

गणिती_गोंधळ

धागाकर्तीला प्रश्न. तुम्ही म्हणता दोन प्रती असल्या तर धोका, एक असली तर नाही. पश्चिम आफ्रिकेतच कोणी मोजलंय का? का सगळे आकडे अमेरिकेचेच?

---

केतकी_बनातली

@गणिती, बरोबर जागी बोट ठेवलंत. आजवरचा नियम 'एक प्रत चालते' हा बहुतांशी अमेरिकेतल्या आकड्यांवरचा. २०२४मध्ये एच३आफ्रिकाच्या मूत्रपिंड गटाने घाना आणि नायजेरियातल्या ८,३५५ लोकांचा अभ्यास छापला. तिथे जवळजवळ दर तिघांत एकाकडे दोन जोखमीच्या प्रती, आणखी ४३ टक्क्यांकडे एक. दोन प्रतींनी दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराची शक्यता २५ टक्क्यांनी वाढते. आणि एका प्रतीनेही १८ टक्क्यांनी. 'चालते' म्हणायला आता जीभ अडखळते.

---

गणिती_गोंधळ

२५ टक्के हे मूळ शक्यतेच्या वर ना? म्हणजे शंभरात दहांना होत असेल तर साडेबारांच्या आसपास, पस्तिसांना नव्हे. लोक नेमकं तिथेच घाबरतात.

---

केतकी_बनातली

हो, तेच. पण जिथे सत्तर टक्क्यांहून जास्त लोकांकडे एक तरी प्रत आहे, तिथे अडीचची बेरीजही रुग्णालयाबाहेरच्या रांगेत दिसते.

---

शेंगदाणे

त्या बहिणीचं काय झालं? मी तेवढ्यासाठीच पुन्हा पुन्हा येतोय.

---

केतकी_बनातली

तिने तपासणी केली. परवानगी घेऊन लिहितेय, आणि ओळख पटू नये म्हणून वर दोनतीन गोष्टी बदलल्या आहेत.

तिच्याकडे जी१ची एक प्रत निघाली. दोन असत्या तर उत्तर बरंचसं ठरलेलं होतं, तसं मूत्रपिंड घेणाऱ्याच्या शरीरातही लवकर खराब होतं आणि देणाऱ्याचं उरलेलं एक धोक्यात येतं. एक प्रत असेल तर काही वर्षांपूर्वी कोणी थांबवलं नसतं. आता प्रत्यारोपणाच्या टीमने तिला पश्चिम आफ्रिकेतला तो अभ्यास समोर ठेवून समजावलं, आणि निर्णय तिचा आहे असं सांगितलं. तिने रबरबँडमधलं पेन काढून १८ हा आकडा फाइलवर लिहून घेतला आणि त्याभोवती गोल केला.

मग ती भावाला सांगायला आली तेव्हा मी तिथेच होते. तिने 'वन गुड कॉपी' असं काहीतरी सांगितलं. त्याने ऐकलं ते वेगळंच. त्याला वाटलं हिचं एकच मूत्रपिंड चांगलं आहे. एकदम उठून बसायला गेला, हाताची नळी ताणली गेली, मशीनने पिंपिं सुरू केलं, नर्स धावत आली. "एकच चांगलं आहे आणि ते मला द्यायला निघालीस? घरी जा!" तिला हसूही येईना आणि रडूही. दहा मिनिटं मी आणि नर्स मिळून कागदावर गुणसूत्रं काढून दाखवत होतो. ढोरांचा_डॉक्टर काका, त्यात तुमचा शेतकरीही सांगितला. ट्रकवाल्याने विचारलं, "त्या माणसाची किडनी चांगली आहे ना अजून?" मी म्हटलं, तेव्हा तरी होती.

दात्यांच्या टीमबरोबर तिची पुढची भेट येत्या गुरुवारी आहे. तो अजून नाहीच म्हणतोय. ती अजून हो म्हणतेय. फॉस्फरस या महिन्यात ६.१ आला, त्यामुळे कोलाचा विषय मला पुन्हा काढावा लागणार आहे.

---

ढोरांचा_डॉक्टर

गुरुवारनंतर कळवा, ताई.